नस बंद पडली, की मुळात नव्हतीच? कॅरोटिड धमनीच्या जन्मजात अभावाचा तपास

मानेच्या डॉपलरच्या (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात शेवटी एक ओळ असते: ‘डावी इंटर्नल कॅरोटिड धमनी दिसून आली नाही, पूर्ण ब्लॉकची शक्यता.’ हा रिपोर्ट घेऊन येणारा माणूस बहुधा स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. तपासणी डोकेदुखीसाठी, चक्करेसाठी, कानात ऐकू येणाऱ्या ठोक्यांसाठी किंवा एखाद्या ऑपरेशनआधीची म्हणून झालेली असते. हातापायांत जोर आहे, बोलणं स्पष्ट आहे, तोंड वाकडं नाही. मेंदूकडे जाणारी एक मुख्य नळी बंद असताना माणूस इतका ठणठणीत कसा, हा प्रश्न त्याच वेळी कुणीतरी विचारायला हवा. तो विचारला गेला नाही तर ‘ब्लॉक’ हा शब्द फाइलला चिकटतो, गोळ्या सुरू होतात, आणि जी नस कधी तयारच झाली नव्हती ती उघडायची कशी यावर खल सुरू होतो.

हा तपास रोजचा नाही. इंटर्नल कॅरोटिडचा जन्मजात अभाव ०.०१ टक्क्याहून कमी लोकांत असतो. म्हणूनच तो करताना पायऱ्या गाळल्या जातात. आम्ही ज्या क्रमाने जातो आणि ज्या ठिकाणी पाय घसरतो, ते इथे मांडतो आहोत. हातात असा रिपोर्ट आलेले लोक आणि हे काम नव्याने शिकणारे डॉक्टर-तंत्रज्ञ, दोघांनाही उपयोगी पडावं असा प्रयत्न आहे.

आधी थोडी रचना. मेंदूला रक्त चार नळ्यांतून जातं: पुढून दोन इंटर्नल कॅरोटिड आणि मागून, मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त मेंदूत पोचतं आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा दोन कॅरोटिड उचलतात. कवटीच्या तळाशी या चारही नळ्या एका कड्याने जोडलेल्या असतात. थॉमस विलिसने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. एक नळी जन्मापासून नसेल तर गर्भातच बाकीच्या तीन नळ्या आणि हे वर्तुळ मिळून काम वाटून घेतात. मोठेपणी अचानक बंद झालेल्या नळीला ही सवलत मिळत नाही. चालत आलेल्या माणसाचं उत्तर इथे आहे.

आता ज्या गोष्टीवर सगळा तपास उभा आहे ती. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास इंटर्नल कॅरोटिड आकार घेऊ लागते. कवटीच्या तळाचं हाड त्यानंतर तयार होतं, आणि ते या धमनीभोवती घडतं. धमनीमुळे हाडात बोगदा राहतो, त्याला कॅरोटिड कॅनल म्हणतात. धमनी त्या आधीच विरून गेली तर हाडाला बोगदा सोडायचं कारणच उरत नाही आणि तिथे भरीव हाड तयार होतं. म्हणजे नस जन्मापासून नव्हती याचा पुरावा हाडात सापडतो. नस दिसत नाही एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. मोठेपणी गुठळीने, चरबीच्या थराने किंवा आतलं अस्तर फाटून बंद झालेल्या नळीचा बोगदा हाडात तसाच रुंद, रिकामा राहतो. आमच्या मते या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: बोगदा पाहिल्याशिवाय निदान लिहू नये.

शब्दांचा घोळही इथेच सोडवावा. धमनीचा मागमूसही नसेल तर एजेनेसिस, सुरुवात होऊन पुढे वाढ खुंटली आणि एखादा अवशेष उरला तर अप्लेजिया, पूर्ण लांबीची पण जन्मापासून बारीक असेल तर हायपोप्लेजिया. पहिल्यात बोगदा नसतो, तिसऱ्यात बारीक बोगदा असतो. रिपोर्टात हे शब्द सैलपणे वापरलेले दिसतात. रुग्णाच्या दृष्टीने तिसरा प्रकार वेगळा, कारण त्या बारीक नळीतून थोडंफार रक्त खरोखर जात असतं.

डॉपलरपासून सुरुवात करू, कारण चूक बहुधा तिथेच होते. मानेवर प्रोब ठेवून कॉमन कॅरोटिडचा, म्हणजे इंटर्नल आणि एक्स्टर्नल यांच्या सामाईक मूळ नळीचा, वर वर माग घ्यायचा आणि ती जिथे दुभंगते ती जागा शोधायची. साधारणपणे ही जागा स्वरयंत्राच्या कूर्चेच्या वरच्या कडेला, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर असते. जन्मजात अभावात दुभंगच सापडत नाही. कॉमन कॅरोटिड सरळ वर जाते आणि तिचीच एक्स्टर्नल कॅरोटिड, म्हणजे चेहऱ्याला आणि मानेला रक्त देणारी नळी, होते. घाईत असलेला तपासनीस या एकुलत्या नळीला ‘इंटर्नल’ समजून सगळं नॉर्मल लिहू शकतो, किंवा दुसरी नळी दिसत नाही म्हणून ‘ब्लॉक’ लिहू शकतो. दोन्ही चुका टाळायला दोन सोप्या खुणा आहेत. एक्स्टर्नलला मानेतच फांद्या फुटतात, पहिली थायरॉइडकडे जाणारी. इंटर्नलला मानेत एकही फांदी नसते. दुसरी खूण: कानाच्या पुढे, कानशिलावरच्या धमनीवर बोटाने हलकेच टकटक करायची. तेव्हा स्क्रीनवरच्या आलेखात करवतीच्या दातांसारखे कंप उमटले तर ती एक्स्टर्नल. मात्र एक्स्टर्नलच जर आतल्या वाटांनी मेंदूला रक्त देत असेल तर तिचा आलेख इंटर्नलसारखा दिसू शकतो. म्हणून नुसत्या आलेखावर विसंबू नये, फांद्या पाहाव्यात.

आणखी एक निरीक्षण आम्हाला फार मोलाचं वाटतं: दोन्ही बाजूंच्या कॉमन कॅरोटिडचा व्यास एकाच पातळीवर मोजून लिहिणे. एका बाजूची इंटर्नल जन्मापासून नसेल तर त्या बाजूच्या कॉमन कॅरोटिडवर मेंदूचा भार कधी आलेलाच नसतो. ती पहिल्यापासून बारीक राहते, आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या काळात तिच्यातला प्रवाह जवळजवळ थांबतो. विरुद्ध बाजूची नळी मात्र जाड आणि भरघोस वाहणारी असते. भिंती दोन्हीकडे गुळगुळीत, चरबीचा थर नाही, आणि एक नळी लक्षात येण्याइतकी बारीक, असं दिसलं की जन्मजात कारणाचा संशय तिथल्या तिथे रिपोर्टात लिहावा. ‘ब्लॉक’ लिहिण्याआधी मशिनचं वेग-प्रमाण खाली आणून अगदी मंद प्रवाहही शोधावा. ते न केल्यामुळे जवळपास बंद झालेली, पण वाहती नळी पूर्ण बंद म्हणून लिहिली जाते आणि उपचाराची दिशाच चुकते.

पुढची पायरी सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय (नळ्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं द्रव्य) देऊन काढलेला सीटी. उपाशी राहायला किती वेळ सांगतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, पण क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, पूर्वी डायची अ‍ॅलर्जी झाली होती का आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, या तीन गोष्टी आधी सांगायच्याच. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची कॅन्युला लागते, कारण ६० ते ८० मिली डाय सेकंदाला ४ ते ५ मिली वेगाने आत जायची असते आणि पाठोपाठ सलाइन. सुई शक्यतो उजव्या हाताला लावावी. डाव्या हातातून दिली तर दाट डाय छातीतल्या डाव्या शिरेत साठते, तिची चमक महाधमनीच्या कमानीवर पसरते आणि नेमकं जिथून कॅरोटिड निघते ते मूळच झाकोळतं. डाय जाताना अंगभर ऊब येते, घशात धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. सगळं अर्ध्या मिनिटात ओसरतं. त्या वेळी गिळू नका आणि हलू नका असं आम्ही आवर्जून सांगतो. गिळताना मानेतल्या नळ्या हलतात आणि चित्रात पायरी पडल्यासारखी दिसते. स्कॅन कमानीपासून टाळूपर्यंत घ्यावा. फक्त मान किंवा फक्त डोकं घेतलेला स्कॅन या कामाला अपुरा आहे, कारण कॉमन कॅरोटिडच नसण्याचाही एक प्रकार असतो. त्यात इंटर्नल आणि एक्स्टर्नल थेट कमानीतून वेगवेगळ्या निघतात, आणि दुभंग सापडला नाही म्हणून अभाव समजला जातो.

स्कॅन झाल्यावर तंत्रज्ञाकडे एक मागणी हमखास करायची: याच डेटातून हाडाच्या कर्नलने (हाडाच्या कडा स्पष्ट दाखवणाऱ्या सेटिंगने), १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांत, कवटीच्या तळाची वेगळी मालिका बनवून द्या. त्यासाठी पुन्हा डाय नको, पुन्हा किरण नकोत. पण मूळ कच्चा डेटा मशिनवर थोडेच दिवस राहतो, मग पुसला जातो. आठवड्याने आठवण झाली तर बहुधा नव्याने स्कॅन करावा लागतो. नेहमीच्या ५ मिमी जाड कापांत बोगद्याचा निवाडा करू नये. एवढ्या जाड कापात अरुंद बोगदा हाडात मिसळून जातो आणि हायपोप्लेजियाला एजेनेसिस म्हटलं जातं.

बोगदा शोधताना दोन्ही बाजू एकाच पातळीवर याव्यात म्हणून आधी चित्र सरळ करून घ्यायचं. डोकं किंचित कललेलं असेल तर एका कापात एका बाजूचा बोगदा येतो आणि दुसऱ्या बाजूचा खालच्या कापात जातो. नवख्या नजरेला तो गायब वाटतो. बोगद्याच्या लगेच मागे मानेच्या मोठ्या शिरेचं भोक असतं आणि दोहोंमध्ये हाडाची पातळ भिंत. बोगदा नसला की हे मागचं भोकच बोगदा समजण्याची चूक होते. मोठ्या माणसात बोगद्याचा व्यास साधारण ५ मिमीच्या आसपास असतो. आम्ही दोन्ही बाजूंचे आकडे लिहितो, नुसतं ‘लहान’ असं लिहीत नाही. बोगदा पूर्ण, पण बारीक असेल तर घाईने जन्मजात म्हणू नये. मोयामोयासारख्या, लहानपणापासून नळी हळूहळू आक्रसत जाणाऱ्या आजारातही बोगदा अरुंद सापडतो. अशा वेळी नळीचं टोक पाहावं लागतं. मोयामोयात अरुंदपणा वरच्या टोकाला सुरू होतो आणि तिथे बारीक नळ्यांचं धुकं दिसतं. हायपोप्लेजियात नळी मुळापासून सारखीच बारीक असते. अस्तर फाटल्याचा संशय असेल तर चरबीचा संकेत दाबलेली एमआरआयची टी१ मालिका घ्यायची, त्यात भिंतीतलं रक्त चंद्रकोरीसारखं उजळ दिसतं. जन्मजात अभावात तिथे काहीच नसतं, भिंतसुद्धा नाही.

हाडाची मालिका उघडलेलीच असते तेव्हा मधल्या कानाकडेही पाहावं, कारण इथे दडलेला धोका मोठा आहे. काही जणांत मानेतली इंटर्नल नसते, पण कवटीच्या आतला भाग असतो. त्याला रक्त पोचवण्यासाठी एरवी केसाएवढी असणारी एक धमनी फुगून मधल्या कानातून वाट काढते आणि आतल्या भागाला जाऊन मिळते. अशा माणसाला कानात नाडीच्या तालावर ठोके ऐकू येतात, आणि पडद्यामागे लालसर गोळा दिसतो. तो गाठ समजून त्याचा तुकडा काढायला गेलं तर कॅरोटिडच फुटते. कानात ठोके आणि पडद्यामागे लाली असं जिथे जिथे असेल तिथे सुई लावण्याआधी हाडाचा पातळ सीटी झालाच पाहिजे. या आग्रहात आम्ही अजिबात सूट देत नाही.

एमआरए, म्हणजे एमआरआयने काढलेलं धमन्यांचं चित्र, बऱ्याचदा याआधीच झालेला असतो. डाय न देता केलेला एमआरए वाहत्या रक्ताचंच चित्र काढतो. प्रवाह फार मंद असेल किंवा उलट दिशेने असेल तर चालू नळीही त्यात दिसत नाही. म्हणून ‘एमआरएमध्ये नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावू नये. पण पुढच्या प्रश्नासाठी हीच तपासणी उत्तम आहे. तो प्रश्न असा: जी नळी नाही तिचं काम कोण करतंय?

याच्या वाटा १९६८ साली ली यांनी सहा प्रकारांत मांडल्या आणि आजही रिपोर्टात त्याच अक्षरांनी लिहिल्या जातात. ए प्रकारात मेंदूच्या पुढच्या धमनीला विरुद्ध बाजूकडून, कपाळामागच्या छोट्या जोडनळीतून रक्त येतं आणि मधल्या मोठ्या धमनीला मागून, पोस्टीरियर कम्युनिकेटिंग या मागच्या जोडनळीतून. बी प्रकारात दोन्हींना विरुद्ध बाजूच पोसते. सी म्हणजे दोन्हीकडच्या कॅरोटिड नाहीत आणि सगळा मेंदू मागच्या नळ्यांवर. हा फारच विरळा. डी प्रकारात विरुद्ध बाजूच्या कॅरोटिडपासून एक आडवी नळी पिट्युटरी ग्रंथीच्या घरातून इकडे येते. ई मध्ये दोन्ही बाजूंच्या नळ्या आहेत, पण बारीक. एफ मध्ये एक्स्टर्नलच्या फांद्या कवटीच्या तळाच्या छिद्रांतून आत शिरून जाळं बनवतात. एकाच बाजूचा अभाव उजवीपेक्षा डावीकडे सुमारे तिपटीने अधिक आढळतो.

रुग्णासाठी हे अक्षर नुसतं पांडित्य नाही. प्रकार बी असेल तर उरलेली एक कॅरोटिड मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना सांभाळते आहे. तिच्यात पुढे चरबीचा थर साचला तर मर्यादा वेगळ्या ठरतात, आणि ती उघडताना सर्जन नळीला चिमटा लावतो त्या काही मिनिटांत दोन्ही भाग एकदम उपाशी राहू शकतात. आधीपासून ठरवून, तात्पुरती नळी हाताशी ठेवून आणि मेंदूवर सतत नजर ठेवूनच हे करावं लागतं. डी असेल तर नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन करताना सर्जनच्या वाटेतच धमनी आडवी असते. त्याने ती आधी चित्रात पाहिली नसेल तर तो पहिला धक्का रक्ताचाच असतो.

डीएसए म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन काढलेली अँजिओ. पूर्वी निदानच तिच्यावर अवलंबून होतं: टोडे यांनी १७८७ साली शवविच्छेदनात हा अभाव नोंदवला, आणि जिवंत माणसात अँजिओने तो दाखवला व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली. आज सीटी आणि एमआरएने उत्तर मिळत असेल तर आम्ही डीएसए टाळतो, कारण तिच्यात पक्षाघाताचा धोका थोडा असला तरी असतो. ती लागते अन्युरिझमचा (धमनीच्या फुग्याचा) उपचार ठरवताना, किंवा कोणती नळी किती भागाला पोसते हे सर्जनला नेमकं हवं असेल तेव्हा. तेव्हा दोन्ही कॉमन कॅरोटिड आणि दोन्ही व्हर्टिब्रल, चौघींत डाय देऊन शिरांपर्यंत चित्र घ्यावं. घाईने थांबवलं तर उशिरा भरणाऱ्या वाटा दिसतच नाहीत. बंद नळीत दुभंगाजवळ खुंट किंवा निमुळतं टोक दिसतं. अभावात खुंट नसतो, कॉमन कॅरोटिड एका गुळगुळीत रेषेत एक्स्टर्नल होते. या वेळी प्रवाह वळवून पाहण्यासाठी मानेवर बोटाने कॅरोटिड दाबण्याची जुनी पद्धत इथे वापरू नये. एकुलती नळी दाबली जाते. मांडीतून केलं असेल तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, मनगटातून केलं तर लवकर उठता येतं.

निदान पक्कं झालं की खरी काळजी अन्युरिझमची, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याची. प्रसिद्ध झालेल्या रुग्णांत तो २४ ते ३४ टक्क्यांमध्ये सापडला आहे. एरवी लोकांत हे प्रमाण २ ते ४ टक्के धरतात. हा आकडा वाचून घाबरू नये असं आम्ही मनापासून सांगतो. प्रसिद्ध होतात ते प्रामुख्याने त्रास झालेले रुग्ण. योगायोगाने सापडलेल्या माणसाचा धोका यापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त आहे. पण तो दुर्लक्ष करण्याइतका कमी नाही. दुप्पट रक्त वाहणाऱ्या जोडनळ्यांवर वर्षानुवर्षं ताण येतो आणि फुगा त्याच जागी धरतो, विशेषतः दोन पुढच्या धमन्यांना जोडणाऱ्या अँटीरियर कम्युनिकेटिंगवर. म्हणून पहिल्या तपासणीत रेडिओलॉजिस्टने ही जागा मोठी करून, फिरवून पाहावी आणि रिपोर्टात नाव घेऊन लिहावी: इथे फुगा नाही, किंवा इथे इतक्या मिमीचा आहे. ३ मिमीखालचे फुगे एमआरएमध्ये निसटू शकतात. पुढच्या फेऱ्यांसाठी डायविना, शक्यतो ३ टेस्लाच्या मशिनवरचा एमआरए पुरतो. किती वर्षांनी करायचा याचं सर्वांना लागू पडणारं वेळापत्रक नाही. वय, रक्तदाब, धूम्रपान, घरात कुणाला अन्युरिझम होता का, आणि वाट कोणत्या प्रकारची आहे, यावरून न्यूरोलॉजिस्ट ठरवतो. एकाच प्रकारच्या मशिनवर, जुनी सीडी बरोबर नेऊन केलेली तुलनाच उपयोगाची असते. आयुष्यात कधीच झालं नाही असं डोकं अचानक, क्षणार्धात दुखू लागलं तर वेळापत्रक विसरून थेट तातडीच्या विभागात जायचं.

औषधांबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. नसलेली नळी तयार करणारं औषध किंवा ऑपरेशन नाही, आणि त्याची गरजही बहुतेकांना नसते. रक्तदाब आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू-सिगारेट पूर्ण सोडणं, फुग्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी कुठल्याही गोळीपेक्षा मोठ्या. ‘ब्लॉक’ समजून सुरू झालेली अ‍ॅस्पिरिन निदान बदलल्यावर आपोआप चालू राहू नये, आणि स्वतःहून बंदही करू नये. मेंदूला रक्त कमी पडल्याची लक्षणं कधी झाली होती का, फुगा आहे का, हे पाहून डॉक्टरांनी नव्याने ठरवावं. रक्तदाब फार खाली नेण्याचा अट्टहासही टाळावा. लांबच्या वाटेने येणाऱ्या रक्ताला दाब लागतो.

लहान मुलांत एक गोष्ट वेगळी आहे. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर ५ सेमीहून मोठा, पट्ट्यासारखा पसरलेला लाल चट्टा असलेल्या बाळात मेंदूच्या आणि मानेच्या धमन्या, हृदय आणि डोळे तपासावेच लागतात. या एकत्र आढळणाऱ्या दोषांना १९९६ पासून फेस (PHACE) सिंड्रोम म्हणतात आणि कॅरोटिडचा अभाव किंवा बारीकपणा त्यातला एक दोष. चट्ट्यासाठी प्रोप्रॅनोलॉल देतात, ते रक्तदाब उतरवतं. म्हणून धमन्यांचं चित्र आधी, औषध नंतर. आणि ते थोड्या मात्रेने सुरू करून, दिवसात तीनदा विभागून, हळूहळू वाढवायचं. बाळाची एक पापणी किंचित खाली, त्याच डोळ्याची बाहुली लहान आणि बुबुळ फिकं असेल तरी कॅरोटिड पाहावी, कारण डोळ्याकडे जाणाऱ्या त्या मज्जातंतूंचं जाळं याच धमनीला लपेटून वर चढतं.

व्हर्टिब्रलचा प्रश्न सौम्य आहे. एक व्हर्टिब्रल दुसरीपेक्षा बारीक असणं ही इतकी सर्रास गोष्ट आहे की तिला आजार म्हणू नये. पुरावा मात्र इथेही हाडातच शोधावा: मणक्यांच्या बाजूचं छिद्र त्या बाजूला लहान असेल तर बारीकपणा जन्माचा, छिद्र भरपूर मोठं आणि नळी बारीक असेल तर काहीतरी नंतर घडलं आहे. मात्र एक कॅरोटिड नसलेल्या माणसात मागच्या नळ्यांची स्थिती नेहमी लिहावी. सगळी भिस्त त्यांच्यावर असू शकते, आणि मानेला झटका देऊन ‘मोकळी’ करून घेण्याचे प्रकार अशा माणसाने कायमचे टाळावेत.

कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे स्वतःहून सांगायचं, ऑपरेशन गुडघ्याचं असलं तरी. त्यांनी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. रक्तदाब नेहमीच्या पातळीजवळ ठेवायचा आणि श्वास जास्त वेगाने देऊन कार्बन डायऑक्साइड उतरवायचा नाही, कारण त्याने मेंदूच्या नळ्या आक्रसतात. खांद्याच्या ऑपरेशनला रुग्णाला अर्धवट बसवतात तेव्हा दंडावरचा रक्तदाब फसवतो: मेंदू दंडाच्या पट्ट्यापेक्षा ३० सेमी वर असेल तर तिथे दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिमीने कमी असतो. मानेतून मोठी सुई घालायची असेल तर ती उरलेल्या कॅरोटिडच्या बाजूला नको.

शेवटी, सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण. या माणसाला पुढे कधीतरी खराच पक्षाघाताचा झटका आला किंवा तो नुसता बेशुद्ध होऊन पडला, तर तातडीच्या सीटी अँजिओत पहिल्या मिनिटाला एक कॅरोटिड ‘गायब’ दिसेल. परफ्यूजनच्या, म्हणजे मेंदूच्या कोणत्या भागात रक्त किती आणि कधी पोचतं ते दाखवणाऱ्या, नकाशात त्या बाजूला रक्त उशिरा पोचतंय म्हणून संगणक मोठा भाग धोक्याच्या रंगात रंगवेल. खरं तर तिथे रक्ताचं प्रमाण पुरेसं असतं, फक्त वाट लांबची असते. डायशिवायच्या एमआर परफ्यूजनमध्येही, रक्त पोचेपर्यंत चित्रासाठी थांबण्याचा वेळ कमी ठेवला तर, हाच भास होतो. घड्याळाशी शर्यत करणारी टीम नसलेल्या नळीतून गुठळी काढायला निघू शकते, आणि खरी गुठळी दुसरीकडे असेल तर ती राहून जाते. हे टाळायला शांत दिवशी, तब्येत चांगली असताना, एक मूळ परफ्यूजन तपासणी करून ठेवणं आम्हाला योग्य वाटतं, आणि पाकिटात एक कागद.

त्या कागदावर काय लिहावं, तेही सांगून ठेवतो. पहिली ओळ मोठ्या अक्षरांत: ‘डावी (किंवा उजवी) इंटर्नल कॅरोटिड जन्मापासून नाही. हा ब्लॉक नाही. कॅरोटिड कॅनल नाही, सीटीने सिद्ध, तारीख.’ त्याखाली मेंदूला रक्त कोणत्या वाटेने येतं ते, प्रकाराच्या अक्षरासह. मग शेवटचा एमआरए कधी झाला आणि फुगा आहे की नाही, असल्यास जागा आणि मिमी. मग नेहमीचा रक्तदाब, चालू औषधं आणि डायची अ‍ॅलर्जी. या कागदाचा फोटो फोनच्या लॉक स्क्रीनवरून उघडणाऱ्या वैद्यकीय माहितीत टाकावा. हाडाची पातळ मालिका मूळ स्वरूपात सीडीवर आणि पेन ड्राइव्हवर, दोन ठिकाणी ठेवावी. फिल्मवर छापलेल्या चित्रांत बोगद्याचा निवाडा पुन्हा करता येत नाही.